परसदार गेलं, पंचांग राहिलं

हरतालिकेच्या आधी एक-दोन दिवस ठाण्याच्या जांभळी नाक्यावर किंवा कल्याणच्या लक्ष्मी भाजी मार्केटात चक्कर मारली, की एरवी कधी शेजारी न बसणाऱ्या भाज्या एकाच वाट्यात दिसतात. देठांसकट अळूची पानं, लाल माठाचे जाडजूड देठ, सुरणाचा तुकडा, लाल भोपळ्याची फोड, वीतभर पडवळ, एखादं शिराळं, चार भेंड्या, मक्याचं अर्धं कणीस, दोन-तीन अंबाडे. हा ऋषीच्या भाजीचा वाटा. ऋषिपंचमीला बैलाच्या कष्टाचं खायचं नाही, नांगर न लागलेलं, हाताने खुरपून लावलेलं तेवढंच शिजवायचं, असा नेम. तिखट-मसाला जवळपास नाहीच, वरून ओलं खोबरं.

म्हणजे ही भाजी मुळात बाजारातून आणायची नव्हतीच. घरामागे भाद्रपदात जे असेल ते तोडायचं आणि एका पातेल्यात घालायचं. आज वाट्यातला सुरण आणि भोपळा शेतातूनच येतात आणि शेत ट्रॅक्टरने नांगरलेलं असतं. बैलाला त्रास झाला नाही, एवढ्यावर समाधान मानायचं!

ठाणे आणि कल्याण-डोंबिवलीतल्या घरबागांवर लिहायचं म्हणून या पट्ट्यातल्या गॅलऱ्या, गच्च्या आणि उरलीसुरली अंगणं हिंडताना ही भाजी पुन्हा पुन्हा आठवत राहिली. कारण तिच्यातला एकूणएक जिन्नस अजूनही इथे घरी उगवतो, फक्त जागा बदलली. अळू निळ्या ड्रममध्ये गेला, पडवळ खिडकीच्या ग्रिलवर चढलं, माठ मासळीबाजारातून आणलेल्या थर्माकोलच्या खोक्यात आला. हंगाम मात्र आहे तिथेच आहे. आणि इथल्या बागांचं जे काही बिघडतं, ते बहुतेक वेळा दुसऱ्या गावाचं वेळापत्रक इथे लावल्यामुळे बिघडतं, असं माझं स्पष्ट मत झालं आहे. पुण्यात वर्षाला सातशे-साडेसातशे मिलिमीटर पाऊस पडतो. ठाण्यात चार महिन्यांत दोन हजारांच्या वर. पुण्याच्या गच्चीवर जुलैत छान येणारा टोमॅटो डोंबिवलीत जुलैत कुजतो, यात बाग करणाऱ्याचा काही दोष नाही. मोबाइलवर बघितलेल्या व्हिडिओचा आहे.

*

रेल्वे ठाण्याला आली १६ एप्रिल १८५३ रोजी, आणि पुढच्याच वर्षी कल्याणला. त्यानंतरची शंभरेक वर्षं या गावांनी जमिनीची चैन केली. कल्याणचे पारनाक्याकडचे वाडे, नौपाड्यातली बैठी घरं, डोंबिवलीच्या टिळकनगर-रामनगरातले टुमदार बंगले आणि दुमजली चाळी यांची मागची बाजू थोड्याफार फरकाने सारखीच. मोरीचं पाणी बाहेर पडे तिथे अळू आणि केळ. कुंपणाला जास्वंद, आघाडा आपोआप. कोपऱ्यात शेवगा, पण घरापासून दूर, कारण त्याची फांदी केव्हा मोडेल ते सांगता येत नाही. विहिरीकाठी नारळ. न्हाणीघराच्या पत्र्यावर भोपळ्याचा वेल. हे सगळं कुणी आखून केलेलं नव्हतं. सांडपाणी कुठे जातं आणि ऊन कुठे पडतं, यावरून ते ठरत गेलं. बाळकुम, कोलशेत, मोठागाव, आयरे अशा जुन्या आगरी-कोळी वस्त्यांत गल्लीबोळांतून आत शिरलं, तर असा एखादा परसू अजून सापडतो. शेजारी सात मजली इमारत आणि मध्ये पपईचं झाड.

ठाण्याची महापालिका १९८२ची, कल्याण-डोंबिवलीची १९८३ची. तोवर चाळींच्या जागी तीन-चार मजली सोसायट्या उभ्या राहू लागल्या होत्या. बाग आधी गॅलरीत आली. गॅलरी खोलीत घेतली गेल्यावर ती खिडकीबाहेरच्या बॉक्स ग्रिलमध्ये गेली. दोन फूट रुंद, पाच फूट लांब, खाली जाळी. तुळस, कढीपत्ता, गवती चहा, ओवा, मोगरा आणि एक मनीप्लांट, ही त्या ग्रिलची ठरलेली मांडणी.

आता पुनर्विकास. डिसेंबर २०२० मध्ये राज्यासाठी एकत्रित विकास नियंत्रण नियमावली आली, आणि नौपाडा काय, डोंबिवली पूर्व काय, जुन्या सोसायट्यांच्या सभांत दुसरा विषयच उरला नाही. या सभांत कार्पेट एरिया, कॉर्पस फंड, भाडं यांवर तासन् तास खल होतो. मागच्या अंगणातल्या आंब्याचा विषय निघतो तो शेवटी, वृक्ष प्राधिकरणाची परवानगी मिळवायची वेळ आली की. १९७५च्या झाडांच्या संरक्षण कायद्याप्रमाणे शहरातलं झाड, मग ते तुमच्या आजोबांनी तुमच्याच अंगणात का लावलेलं असेना, परवानगीशिवाय तोडता येत नाही. २०२१च्या दुरुस्तीने तोडलेल्या झाडाचं जेवढं वय तेवढी नवी झाडं लावायची, असंही सांगितलं. कायदा चांगला आहे. पण चाळीस वर्षांच्या आंब्याबदल्यात लावलेली चाळीस रोपं त्याच अंगणात येत नाहीत. तिथे पोडियम पार्किंग येतं, आणि त्यावर दीड फूट मातीत शोभेचे पाम.

या पट्ट्यातली सर्वांत मोठी भाजीबाग मात्र रोज लाखो लोक खिडकीतून बघतात. दिवा, कोपर, ठाकुर्ली परिसरात रुळांच्या कडेची भेंडी, पालक, माठ. चाळीसच्या दशकातल्या ‘अधिक धान्य पिकवा’ मोहिमेचा हा वारसा. रेल्वेची पडीक जमीन कर्मचाऱ्यांना लागवडीला देण्याची प्रथा त्यातून पडली. पुढे या वाफ्यांना नाल्याचं पाणी जातं म्हणून ही भाजी बदनाम झाली आणि ‘रुळावरची भाजी’ ही शिवीच होऊन बसली. घरी पालेभाजी का लावली असं विचारल्यावर अनेक घरांत पहिलं उत्तर मिळतं ते हेच, की लोकलमधून बघून बघून विकतचा पालक घशाखाली उतरेना.

*

पूर्वी बागेला पाणी पुरत नसे. आता ऊन पुरत नाही. नवख्यांच्या हे लवकर लक्षात येत नाही. ते माती, खत, बियाणं यांवर पैसे घालवतात आणि गॅलरीत दिवसाचे दोन तासही ऊन येत नाही.

ठाणे साधारण १९.२ अक्षांशावर आहे. त्यामुळे १६ मे आणि २७ जुलैच्या आसपास भरदुपारी सूर्य अगदी डोक्यावर येतो आणि सावली पायाखाली नाहीशी होते. या दोन तारखांच्या मधल्या काळात सूर्य आपल्या उत्तरेकडे असतो. उगवतो ईशान्येकडे सरकून, मावळतो वायव्येला. म्हणून उत्तरेच्या गॅलरीला सकाळ-संध्याकाळचं तिरपं ऊन मिळतं ते एप्रिलच्या अखेरीपासून पावसाचे ढग येईपर्यंतच. दक्षिणेच्या गॅलरीचं उलट. उन्हाळ्यात तिथे ऊन आत शिरत नाही. पण सप्टेंबर सरला की ते आत आत येऊ लागतं आणि डिसेंबरात थेट हॉलमधल्या सोफ्यापर्यंत पोहोचतं. २१ डिसेंबरला भरदुपारीही सूर्य क्षितिजापासून सत्तेचाळीस अंशांवरच असतो. हिशेब केला तर त्या दिवसांत इमारत जितकी उंच, जवळजवळ तितकीच लांब तिची सावली उत्तरेकडे पडते. दक्षिणेला नवा टॉवर उठला, की मागच्या चार मजली इमारतीची हिवाळी बाग संपली. त्याबद्दल दाद मागायची सोय कुठल्याच नियमावलीत नाही.

कोल्हापूरचे श्री. अ. दाभोळकर गणिताचे प्राध्यापक. त्यांनी ‘प्रयोग परिवार’ उभा केला आणि पाच माणसांच्या कुटुंबाला दहा गुंठे जमीन पुरते असा हिशेब मांडला. त्या हिशेबाचा पाया एकरी खतावर नव्हता, पानावर पडणाऱ्या उन्हावर होता. पान म्हणजे कारखाना आणि ऊन हा कच्चा माल, असा त्यांचा विचार. दहा गुंठे डोंबिवलीत आता कुणाकडे आहेत? पण विचार ग्रिललाही लागू पडतो. आपल्या खिडकीत कुठल्या महिन्यात किती तास ऊन येतं, हे वर्षभर भिंतीवरच्या कॅलेंडरवर टिपून ठेवावं. सहा तास असेल तर फळभाजी, चार तास असेल तर पालेभाजी, दोन तास असेल तर अळू, पुदिना, गवती चहा. एवढं कळलं तरी नर्सरीतले निम्मे पैसे वाचतात.

ऊन शोधत माणूस शेवटी गच्चीवर जातो, आणि तिथे सोसायटीचा सेक्रेटरी भेटतो.

या भांडणात सेक्रेटरीला खलनायक करण्याची पद्धत आहे. मला ते पटत नाही. ज्या गच्चीवर माणसांची ये-जा आहे तिच्यावर चौरस मीटरला साधारण दीडशे किलो भार धरावा, असं भारतीय मानक सांगतं. एक फूट जाडीचा ओल्या मातीचा वाफा चौरस मीटरला पाचशे किलोंच्या घरात जातो. तिपटीहून जास्त! शिवाय आपल्याकडच्या बहुतेक गच्च्यांचं वॉटरप्रूफिंग ब्रिकबॅट कोब्याचं; त्यात वडा-पिंपळाचं, अगदी पपईचंही मूळ शिरलं की वरच्या मजल्यावरच्या काकूंच्या बेडरूममध्ये पाणी ठिबकलंच म्हणून समजा. तेव्हा मातीचे वाफे नकोत. कोकोपीट, पालापाचोळा आणि कंपोस्ट भरलेल्या हलक्या ग्रो बॅग, त्या विटांवर उचलून ठेवलेल्या, आणि खांब-तुळयांच्या रेषेवर मांडलेल्या. सर्वसाधारण सभेचा ठराव आणि इंजिनिअरचं पत्र आधी. बाग त्यानंतर. हे कंटाळवाणं वाटेल, पण ज्या सोसायट्यांत गच्चीची बाग पाच वर्षांनंतरही टिकली आहे तिथे हे दोन्ही कागद फायलीत होते.

भरायला कंपोस्ट कुठून आणायचं, याचं उत्तर कल्याण-डोंबिवलीकरांना इतरांपेक्षा लवकर मिळालं, तेही सक्तीने. आधारवाडीच्या डम्पिंग ग्राउंडचा डोंगर आणि त्याला लागणाऱ्या आगींचा धूर कल्याणने अनेक वर्षं सोसला. २०२० च्या मे महिन्यात, ऐन टाळेबंदीत, महापालिकेने शून्य कचरा मोहीम हाती घेतली. वेंगुर्ल्यात कचऱ्याचं काम करून आलेले रामदास कोकरे तेव्हा इथे उपायुक्त होते. ओला-सुका वेगळा केल्याशिवाय कचरा उचलायचा नाही, अशी ती सक्ती. लोक चिडले, भांडले, आणि मग घरात अडकलेल्यांतल्या काहींनी भाजीच्या देठांना भोकं पाडलेल्या बादलीत टाकायला सुरुवात केली. २०२१ मध्ये आधारवाडी बंद झालं. त्या बादल्यांतल्या काही अजून चालू आहेत. पावसाळ्यात त्यात अळ्या होतात, आणि पहिल्या वर्षी बहुतेक घरांत बादली जाते ती त्या अळ्यांना घाबरून. त्या खत करणाऱ्याच अळ्या असतात. वर्तमानपत्राचे तुकडे, सुका पाला किंवा भुसा टाकून ओल कमी केली की त्या आपोआप कमी होतात.

*

बागेचं वर्ष सुरू होतं अक्षय्य तृतीयेला. कोकणात या दिवशी आळी करून भोपळा, दोडका, पडवळ यांच्या बिया टोचायची रीत आहे. आळं म्हणजे हातभर रुंदीचा उथळ खड्डा. त्यात पालापाचोळा जाळायचा, राख-शेणखत मिसळायचं आणि मग बी. ठाण्यात राख आणि शेण दोन्ही पैसे देऊन आणावं लागतं, पण दिवस बरोबर आहे. पावसाआधी महिनाभर वेल रुजला, तर पहिल्या झडीत तो कोलमडत नाही. हळद आणि आल्याचे गड्डेही याच सुमाराला कुंडीत जातात.

एरवी एप्रिल-मेबद्दल फार लिहिण्यासारखं नाही. पारा चाळिशीला टेकतो, डोंबिवली-कल्याणात तर ठाण्याहूनही जास्त जाणवतो, आणि पाणीकपातीचा वार ठरलेला असतो. या दिवसांत काही पिकवायच्या फंदात पडू नये. आहे ते जगवावं. तांदूळ-डाळ धुतलेलं पाणी, सूर्य मावळल्यावर घातलेली झारी, मातीवर नारळाच्या शेंड्यांचा थर, वर हिरवी जाळी. फुलतो तो मोगरा, आणि तोही जानेवारीत निर्दयपणे पानं ओरबाडून छाटला असेल तरच. ज्यांना झाडाला कात्री लावताना वाईट वाटतं त्यांच्या मोगऱ्याला पानंच येतात.

मेच्या शेवटी बाजारात शेवळं आली, की पाऊस जवळ आला हे नक्की. मुरबाड, शहापूर, कर्जतकडच्या आणि येऊरच्या पाड्यांवरच्या बाया पहाटेच्या गाडीने येऊन स्टेशनबाहेर बसतात. शेवळ्यांबरोबर काकडं किंवा बोंडग्याचा पाला आठवणीने घ्यायचा, नाहीतर घसा खाजतो. मग टाकळा, फोडशी, कुरडू, भारंगी, कंटोळी. यातला टाकळा आणि कुरडू कुठल्याही कुंडीत तण म्हणून उगवतात, आणि आपण उपटून टाकतो. या बायांशी दोन मिनिटं बोललं तर ते उपटू नका, एवढं त्या नक्की सांगतात. मग आपण त्यांच्याकडून दहा-वीस रुपयांची जुडी कशाला घेतो, हा प्रश्न त्या विचारत नाहीत.

मृग लागला की खरी धांदल. भेंडी, गवार, चवळी, काकडी, कारलं. पाऊस सुरळीत पडला तर जुलैच्या मध्यावर ग्रिल हिरवं होतं आणि फुलं यायला लागतात. आणि मग तक्रार सुरू होते, की फुलं येतात, फळ धरत नाही.

याचं कारण सहाव्या मजल्यावर समजतं. भोपळ्याच्या वेलावर नर आणि मादी फुलं वेगळी. आधी आठवडाभर नुसती नर फुलं येतात, लांब देठाची. मग एके सकाळी एखाद्या फुलाच्या मागे बोराएवढा इवला भोपळा दिसतो, ती मादी. खाली अंगणात मधमाशा, भुंगे हे काम करतात. सहाव्या मजल्यावर, धो-धो पावसात, कोण येणार? मग आपणच मधमाशी व्हायचं. सकाळी आठच्या आत नर फूल खुडायचं, पाकळ्या काढून टाकायच्या, मधला पिवळा दांडा मादी फुलाच्या आत हलकेच तीन-चार वेळा फिरवायचा. पराग बोटाला हळदीसारखा लागला पाहिजे. चिकट, ओला लागला तर पावसाने धुतला गेला, दुसरं फूल शोधायचं. जमलं तर तीन-चार दिवसांत ते बोर लिंबाएवढं होतं. नाही जमलं तर पिवळं पडून गळतं. भोपळा, काकडी, कारलं सकाळी फुलतात. दुधीचं पांढरं फूल आणि शिराळ्याचं पिवळं फूल मात्र दिवस कलल्यावर उमलतं, कारण त्यांची पाहुणी मंडळी म्हणजे रात्रीचे पतंग. म्हणून मी नोकरदारांना नेहमी सांगते, सीएसएमटीहून सातच्या कर्जत लोकलने घरी पोहोचणाऱ्याने भोपळ्याच्या नादी लागू नये. दुधी लावावा.

श्रावणात शत्रू बदलतो. रात्री टॉर्च घेऊन बघितलं तर कुंडीच्या कडेला मूठभर आकाराची शंखी गोगलगाय दिसेल. मूळची आफ्रिकेची, १८४७ मध्ये कुणा हौशी इंग्रजाने ती कोलकात्यात आणून सोडली, आणि तिची प्रजा आता ठाण्याच्या तळमजल्यांवर झेंडूची रोपं एका रात्रीत फस्त करते. औषधापेक्षा हातमोजा बरा. वेचायच्या आणि मिठाच्या पाण्यात टाकायच्या. याच दिवसांत महापालिकेचे कर्मचारी डेंग्यूच्या अळ्या शोधत घरी येतात आणि पहिल्यांदा कुंडीखालची थाळी उचलून बघतात. ते बरोबर करतात. पावसाळ्यात थाळ्या काढूनच ठेवाव्या.

२६ जुलै २००५ चा पाऊस आठवणाऱ्यांना कल्याणची वालधुनी नदी आठवते. तळमजल्यांच्या बागा गाळाखाली गेल्या. अंगणातली माती पुराने नेली किंवा बदलली, की ती पुन्हा कसदार व्हायला वर्षं जातात. गॅलरीतल्या बागेला पुराची भीती नाही, हा तिचा एक फायदा मान्य करावा लागेल.

*

झेंडूचं बियाणं विकत आणायची गरज नसते. गेल्या दसऱ्याचं तोरण माळ्यावर वाळत पडलेलं असेल तर त्यातली फुलं कुस्करून जुलैत पेरावी, दसऱ्याला फुलतात. संकरित झेंडूची पोरं आईसारखी गोंड्याची निघतीलच असं नाही, काही एकेरी पाकळ्यांची येतात. तरीही दसऱ्याच्या आदल्या रात्री कल्याणच्या बाजार समितीतल्या फूल मार्केटात ज्या भावाने झेंडू जातो तो बघता एकेरी पाकळ्यांचं फारसं दुःख होत नाही.

गणपती गेले, पाऊस ओसरला, ऑक्टोबरचं ऊन तापायला लागलं, की बागेत फुलपाखरं येतात. या दिवसांत एक फेरी घोडबंदर रस्त्यावरच्या ओवळ्याला मारावी. तिथल्या ओवळेकर वाडीत राजेंद्र ओवळेकर या शाळेतल्या खेळाच्या शिक्षकाने घरच्या वडिलोपार्जित जमिनीवर फुलपाखरांची बाग केली. शंभराहून अधिक जातींची फुलपाखरं तिथे नोंदली गेली आहेत. आजूबाजूला टॉवर उठत असताना एका कुटुंबाने आपली वाडी विकली नाही, ही गोष्ट फुलपाखरांइतकीच दुर्मीळ आहे.

तिथून शिकून यायची गोष्ट फुलझाडांची नाही, खायच्या पानांची आहे. फुलपाखराला मध कुठेही मिळतो, पण अंडी घालायला त्याला ठरावीक झाडच लागतं. कढीपत्ता आणि लिंबू, पानफुटी, रुई, सोनचाफा. २०१५ मध्ये ज्याला राज्य फुलपाखराचा मान मिळाला ते निळं-काळं ब्लू मॉर्मन लिंबाच्या कुळावरच वाढतं. तेव्हा कढीपत्त्याची पानं कुरतडलेली दिसली, की फवारणीची बाटली हातात घेण्याआधी पान उलटून बघावं. पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसणारी छोटी अळी दिसेल. तिला आठ-दहा पानं द्यायला काय हरकत आहे? फोडणीला उरतात तेवढी.

डोंबिवलीत मात्र ऑक्टोबरनंतर एक वेगळी काळजी असते. एमआयडीसीच्या निवासी विभागात अंगणं अजून शिल्लक आहेत, आणि बंगल्यांच्या बागा देखण्या आहेत. याच परिसरात जानेवारी २०१४ मध्ये हिरवा पाऊस पडला, फेब्रुवारी २०२० मध्ये रस्ता गुलाबी झाला आणि मुख्यमंत्र्यांना येऊन बघावं लागलं. २६ मे २०१६ आणि २३ मे २०२४ रोजी इथल्या कारखान्यांत झालेले स्फोट तर अख्ख्या शहराने ऐकले. पावसाळ्यात पानं धुऊन निघतात. हिवाळ्यात हवा खाली बसते आणि काजळी पानावर राहते. घरची भाजी म्हणजे शुद्धच, हा समज इथे सोडून द्यावा लागतो. पालेभाजी तीन पाण्यांतून काढावी, आणि कारखान्यांच्या धुराड्यांच्या वाऱ्यात घर असेल तर पाल्यापेक्षा शेंगभाजी आणि फळभाजी लावावी. कारखान्यांचं काय करायचं हे ठरवायची जबाबदारी बाग करणाऱ्यांची नाही.

*

थंडी हा आपल्याकडचा सर्वांत सोपा हंगाम, आणि सर्वांत कमी लोक तो वापरतात. पावसाळ्यात हौसेने लावलेलं कुजलं, गोगलगायींनी खाल्लं, की ‘आपल्या हाताला गुण नाही’ म्हणून कुंड्या रिकाम्या ठेवल्या जातात, आणि नेमक्या तेव्हाच रात्री गार व्हायला लागतात. टोमॅटोला फळ धरायला गार रात्र लागते. कोथिंबीर, मेथी, पालक, मुळा यांना पावसाची सततची ओल सोसत नाही. नोव्हेंबरात ती बोट लावलं तरी येतात. धने रगडून दोन भाग करावे, रात्रभर भिजवावे, मग पेरावे. अगदीच जागा नसेल तर एका ताटलीत वाळू घालून तिच्यात मेथीदाणे दाट पेरावे. बाजारात मुठीएवढ्या जुड्या बांधून जी समुद्रमेथी विकतात ती हीच. दहा-बारा दिवसांत कापायला येते, आणि तिला खिडकीची कडही पुरते.

जानेवारी-फेब्रुवारीत ठाणे महापालिकेचं वृक्ष प्राधिकरण ‘वृक्षवल्ली’ हे झाडं-फुलं-फळं-भाज्यांचं प्रदर्शन भरवतं. लोक तिथून फुललेली शेवंती आणि पेटुनिया घेऊन येतात, आणि मार्चअखेर ती उन्हाने जाते. प्रदर्शन जरूर बघावं. खरेदी करायची तर बियांची करावी.

आणि वाल. ठाणे-रायगड पट्ट्याचं हिवाळी पीक कुठलं, तर भाताच्या कापणीनंतर उरलेल्या ओलीवर येणारा वाल. डाळिंब्यांची उसळ ज्या घरांत होते त्यांना वाल सांगायला नको. हे पीक दिवसाच्या लांबीवर चालतं. आपला जुना गावठी वाल जूनमध्ये लावला तर नुसता वेल पसरतो, फुलतो तो दिवस लहान झाल्यावरच. म्हणून बरेच जण वैतागून सप्टेंबरात वेल उपटतात, फुलायच्या महिनाभर आधी. दिवाळीच्या सुमाराला पेरलेला वाल फार पसरत नाही आणि वेळेवर फुलतो. मावा येतो तो साबणाच्या पाण्याने धुवावा. संक्रांतीच्या आदल्या दिवशी भोगीच्या भाजीत गाजर, वांगं, ओला हरभरा बाजारातूनच आणावा लागेल, पण मूठभर पापडी घरची निघू शकते.

दिवाळीच्या सुमाराला दक्षिणेच्या गॅलरीत ऊन आत यायला लागलेलं असतं. बारा इंची कुंडी, तळाला भोक मोकळं, निम्मी माती, निम्मं कंपोस्ट, मूठभर निंबोळी पेंड. वाण्याकडून वाल आणताना सोललेले किंवा डाळ केलेले घेऊ नका, सालासकट अख्खे घ्या. शक्यतो या वर्षीचे, जुने कमी रुजतात. रात्रभर भिजवा, एका कुंडीत चार दाणे बोटाच्या पेराएवढे खोल टोचा, आणि उगवल्यावर दोनच ठेवा. त्याच सुमाराला पेरलेत तर वेळेत आहात. डिसेंबर उजाडल्यावर पेरलेत, तर भोगीला पापडी विकतच आणावी लागेल.